शेऱ्याचा रकाना : एका छोट्या सर्व्हिसिंग व्यवसायातून ग्राहकांची माहिती बाहेर गेली, त्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पाणी शुद्ध करणारी घरगुती यंत्रं बसवायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांची देखभाल करायची, असा हा व्यवसाय. एक मालक, ऑफिस सांभाळणारी एक समन्वयक (तिला सगळे ताई म्हणतात), सात तंत्रज्ञ आणि महिन्यातून चार दिवस येणारे हिशेबनीस. ग्राहक दोन हजारांच्या थोडे वर आणि बहुतेक जुने. छोट्या व्यवसायांना रोजच्या कामाची पद्धत बसवून देणं हे माझं काम. मला बोलावलं तेव्हा पहिली तक्रार येऊन सहा दिवस झाले होते. मालकांच्या संमतीने हे लिहितो आहे. कोणाचीही ओळख पटेल असा तपशील यात ठेवलेला नाही.

पूर्वी ताई एका जाड वहीत सगळं लिहायची. नंतर तिने ते एका ऑनलाइन शीटमध्ये घेतलं. एका ग्राहकाची एक ओळ आणि त्या ओळीत नाव, मोबाइल, पत्ता, यंत्राचं मॉडेल, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, कोणी केली, वार्षिक करार कधी संपतो, येणं बाकी किती, जन्मतारीख. सगळ्यात शेवटचा रकाना होता 'शेरा'.

हा रकाना सुरू झाला तो तंत्रज्ञांच्या सोयीसाठी. माणूस दारात जाऊन परत येऊ नये, एवढाच हेतू. 'बेल बंद आहे, दार वाजवा.' 'कुत्रा आहे, आधी फोन करा.' 'बाळ लहान आहे, बेल वाजवू नका.' पुढे तो वाढत गेला. 'दोघंही नोकरीला, सहानंतरच जा.' 'आजी एकट्या असतात, ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला.' 'चावी जिन्याखालच्या कुंडीत.' एका ओळीत तर सोसायटीच्या फाटकाचा चार आकडी कोड लिहिलेला होता.

मी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. जवळजवळ प्रत्येक शेऱ्यामागे काळजी होती: बाळ झोपलेलं असताना बेल वाजू नये, आजींना दोनदा उठावं लागू नये. पण तोच रकाना अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी वाचला, तर कोणत्या घरात कधी कोणी नसतं, कोण एकटं असतं आणि आत कसं शिरायचं, याची ती तयार यादी होती.

प्रसंग कसा उलगडत गेला

पहिला फोन एका गृहस्थांचा. 'तुमच्याकडून फोन आला होता, करार संपतोय म्हणून आगाऊ पैसे भरले, पण माणूस काही आला नाही.' ताईने सांगितलं की आमच्याकडून असा फोन गेलेला नाही. तुम्ही बँकेला आणि पोलिसांना कळवा. तिने वहीत नोंद केली आणि ती पुढच्या कामाला लागली. असे फसवणुकीचे फोन सगळ्यांनाच येतात, हा त्यातलाच एक असं तिला वाटलं, आणि तसं वाटणं स्वाभाविक होतं.

चौथ्या दिवशी दुसरा फोन आला. त्या बाईंनी पैसे भरले नव्हते, फक्त 'तुम्ही नंबर बदललात का' असं विचारलं. ताईने हेही वहीत लिहिलं.

सहाव्या दिवशी तिसरा फोन आला. त्या बाई म्हणाल्या, 'तुमच्या माणसाने मॉडेल बरोबर सांगितलं, फिल्टर कोणत्या महिन्यात बदलला तेही सांगितलं, म्हणून मी पैसे भरले. फक्त नाव चुकीचं सांगितलं. आमच्याकडे नेहमी येतो तो मुलगा वेगळा आहे.'

ताईने त्यांची ओळ उघडून पाहिली. घरी गेलेल्या तंत्रज्ञाचं नाव तिने स्वतःच चुकीचं भरलेलं होतं, शेजारच्या ओळीतलं चुकून इथे पडलं होतं. ही चूक त्या शीटशिवाय दुसरीकडे कुठेच नव्हती. पावतीवर खरं नाव होतं आणि ग्राहकालाही खरं नाव माहीत होतं. म्हणजे फोन करणाऱ्याच्या समोर हीच शीट होती. ताईने लगेच मालकांना बोलावलं.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. माहिती आपल्याकडूनच गेली हे छोट्या व्यवसायाला एरवी इतकं स्पष्ट कधी कळत नाही. इथे एका टायपिंगच्या चुकीमुळे कळलं.

माहिती गेली कुठून

कोणी संगणक फोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ताईने त्या शीटची लिंक तंत्रज्ञांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. प्रत्येकाला वेगळी परवानगी देत बसायला नको म्हणून 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' हा पर्याय निवडला होता. त्यानंतर नोकरी सोडून गेलेले दोघे तंत्रज्ञ अजूनही ग्रुपमध्ये होते. सणासुदीच्या गर्दीत दोन महिने फोन उचलायला ठेवलेल्या मुलीकडे ती लिंक होती. वाढदिवसाची शुभेच्छापत्रं छापणाऱ्यालाही एकदा तीच लिंक पाठवली होती, कारण जन्मतारखा त्यातच होत्या. ज्यांच्याकडे लिंक गेली त्यांनी ती पुढे कोणाला दिली, ते कळायला मार्ग नाही.

शीट साध्या मोफत खात्यावर होती. त्यात कोणी काय बदललं ते दिसतं, पण नुसतं पाहून कोण गेलं त्याची नोंद मालकाला मिळत नाही. कोणी आपल्या संगणकावर प्रत उतरवून घेतली असेल, तर लिंक बंद केल्यावरही ती प्रत त्याच्याकडेच राहते.

'आमच्यासारख्या लहान धंद्याच्या मागे कोण लागणार', हे वाक्य मालक मला पहिल्या भेटीत दोनदा म्हणाले. अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीतून २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते वातानुकूलन आणि शीतकरणाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीच्या चोरलेल्या पासवर्डने. लहान व्यवसायाकडे मोठ्या कंपनीचं दार उघडणारी किल्ली असते, किंवा या प्रकरणात होती तशी कित्येक घरांच्या दारांची. चोराला व्यवसायाचा आकार पाहायचा नसतो. त्याला फोनवर विश्वास बसेल एवढा तपशील पुरतो. मॉडेल, तारीख आणि ओळखीचं नाव या तीन गोष्टी सांगितल्या की समोरचा माणूस चौथ्या वाक्याला पैसे भरायला तयार होतो.

पहिला निर्णय : शीटचं काय करायचं

मालकांना ती शीट तिथल्या तिथे काढून टाकायची होती. 'नकोच ती ब्याद' असं म्हणून त्यांनी माउस हातात घेतलासुद्धा होता. ताईने त्यांना थांबवलं, कारण दुसऱ्या दिवशीची कामं त्यातच होती. कारण साधं होतं, पण त्यामुळे पुरावा वाचला.

तीन पर्याय होते. काढून टाकली असती तर रोजचं काम ठप्प झालं असतं आणि पोलिसांना दाखवायला काहीच उरलं नसतं. तशीच ठेवून तंत्रज्ञांना 'लिंक कोणाला देऊ नका' असं बजावण्यात काही अर्थ नव्हता, कारण लिंक आधीच बाहेर होती. तिसरा पर्याय निवडला. लिंकची सरसकट परवानगी ताबडतोब बंद केली, शीटची आहे तशी एक प्रत तारखेसह वेगळी जपून ठेवली, परवानग्यांच्या पानाचे आणि ग्रुपच्या सदस्य यादीचे फोटो काढून ठेवले आणि मगच जुन्या सदस्यांना ग्रुपमधून काढलं. हाच क्रम उलटा झाला असता, तर कोणाकडे लिंक होती हे नंतर आठवणीवर सांगावं लागलं असतं.

खात्याचा पासवर्ड व्यवसायाचं नाव आणि त्यापुढे चालू वर्ष असा होता आणि तो ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. दर जानेवारीत तो बदलला जायचा, म्हणजे फक्त शेवटचा आकडा वाढायचा. ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, असं अमेरिकेची एनआयएसटी ही मानकं ठरवणारी संस्था २०१७ पासून सांगते आहे. सक्ती केली की माणसं असाच एखादा आकडा वाढवतात. लांब पासवर्ड घ्यावा, तो आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नाही ना ते पाहावं आणि फुटल्याची शंका आली तर लगेच बदलावा, असा सल्ला आहे. त्या संध्याकाळी प्रत्येकाचं स्वतंत्र खातं उघडलं आणि मोबाइलवरची दुसरी पडताळणी सुरू केली. या सगळ्याला दीड तास लागला.

दुसरा निर्णय : ग्राहकांना सांगायचं की नाही

सगळ्यात जास्त वेळ यावरच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मालकांचं म्हणणं असं : तीनच तक्रारी आहेत, त्या तिघांना भेटून मिटवू. सगळ्यांना सांगितलं तर घबराट होईल, जुने ग्राहक तुटतील, 'यांच्याकडून माहिती फुटते' हे नाव कायमचं चिकटेल. हिशेबनीसांनी त्याला दुजोरा दिला. त्यांचा मुद्दा माणसांच्या पोटापाण्याचा होता. सात घरं या व्यवसायावर चालतात आणि ती काळजी खोटी नव्हती.

ताई गप्प होती. शेवटी ती म्हणाली, 'ज्यांची चावी कुंडीत आहे असं मी लिहिलंय, त्यांना मी उद्या काय सांगू?'

तिच्या प्रश्नाने चर्चेचा रोख बदलला. तोवर आम्ही सगळे पैशांच्या फसवणुकीबद्दल बोलत होतो. ताईला घर दिसत होतं. पैसे गेले तर निदान ते गेल्याचं कळतं. चावीची जागा कोणाला तरी ठाऊक झाली आहे, हे घरात शिरेपर्यंत कळत नाही. ते टाळणं फक्त त्या घरातल्या माणसाच्या हातात होतं, आणि त्यासाठी त्याला ते माहीत असायला हवं होतं. माझ्या मते सांगण्याचं खरं कारण हेच आहे. फटका ज्याला बसणार, सावध होण्याची पहिली संधीही त्यालाच मिळायला हवी. कायदा त्याच्यानंतर येतो.

कायदेही याच दिशेने गेले आहेत. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यानुसार, लोकांना धोका संभवत असेल तर गळतीची माहिती कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला सांगावी लागते आणि धोका मोठा असेल तर त्या व्यक्तींनाही विनाविलंब कळवावं लागतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही माहिती संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना कळवण्याची तरतूद आहे. हा कायदा नावाप्रमाणे डिजिटल माहितीपुरता आहे. निव्वळ वहीत राहिलेली नोंद त्यात येत नाही. पण ती वही चोराच्या हाती पडली तर कुंडीतली चावी तितकीच उघडी पडते, हेही लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यांना सांगायचं ठरलं, पण टप्प्याटप्प्याने. शेऱ्यात चावी, कोड, एकटं राहणं किंवा घर रिकामं असण्याची वेळ यांपैकी काहीही होतं अशी ४३ घरं निघाली. त्यांना त्याच संध्याकाळी मालक आणि ताई यांनी स्वतः फोन करायचा. बाकी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश पाठवायचा.

ते ४३ फोन

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं. 'तुमची माहिती आमच्याकडून बाहेर गेली आहे' हे पहिल्याच वाक्यात. 'काही लोक खोडसाळपणा करत आहेत' अशी सुरुवात मालकांनी सुचवली होती, ती खोडली. मग नेमकं काय गेलं, कोणता शेरा होता, तो जसाच्या तसा वाचून दाखवायचा. नंतर आज काय करावं ते. चावीची जागा बदला, शक्य असेल तर कुलूप बदला, सोसायटीला कोड बदलायला सांगा. शेवटी 'आम्ही चुकलो'.

शेरा वाचून दाखवणं ताईला सगळ्यात जड गेलं. एका आजींनी ऐकून घेतलं, चावी हलवते म्हणाल्या, आणि मग विचारलं, 'पण मी एकटी असते, हे तुम्ही लिहून का ठेवलं होतं?' ताईने सांगितलं की येणाऱ्या मुलाने मोठ्याने बोलावं, घाई करू नये म्हणून. आजी म्हणाल्या, 'मग बाई, नुसतं मोठ्याने बोला एवढंच लिहायचं.'

या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण 'गरजेपुरतीच माहिती घ्या' याचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगितलेला कुठे आढळला नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८० साली खासगी माहितीबद्दल जी तत्त्वं मांडली, त्यांत गोळा करण्याला मर्यादा असावी आणि हेतू आधी स्पष्ट असावा ही दोन्ही आहेत. 'ऐकू कमी येतं, एकट्या असतात' हे आपलं निरीक्षण झालं. कामाला लागणारी सूचना होती ती 'मोठ्याने बोला' एवढीच.

दुसऱ्या दिवशीच्या संदेशाचा मसुदा तीनदा बदलला. पहिल्या मसुद्यात 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' होतं. फसवणुकीपासून सावध करणारा संदेशच फसव्या संदेशासारखा दिसत होता. लिंक काढली. कोणताही नवीन नंबरही दिला नाही. त्याऐवजी लिहिलं : 'तुमच्या यंत्राच्या बाजूला आमचं स्टिकर आहे. त्यावर छापलेल्या नंबरावरच फोन करा. संदेशातल्या किंवा फोनवर सांगितलेल्या दुसऱ्या कोणत्याही नंबरावर करू नका.' ते स्टिकर प्रत्येक घरात आधीपासून होतं आणि फसवणाऱ्याला ते बदलता येणार नव्हतं. ही युक्ती एका तंत्रज्ञाची.

तिसरा निर्णय : संशयिताचं काय करायचं

मालकांचा एका जुन्या तंत्रज्ञावर संशय होता. तो भांडून गेला होता. त्याला फोन करून जाब विचारायचा, ग्रुपवर नाव टाकायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण लिंक निदान चार वेगवेगळ्या हातांत होती आणि त्यातून पुढे किती हातांत गेली ते ठाऊक नव्हतं. नुसत्या रागापोटी एखाद्याचं नाव घेतलं आणि तो निर्दोष निघाला, तर एका नुकसानाची दोन झाली असती. पोलिसांत तक्रार दिली. तिच्यासोबत फसवणाऱ्यांचे नंबर, पैसे भरलेल्या खात्यांचा तपशील, जपून ठेवलेली शीट आणि कोणाकोणाकडे लिंक होती त्याची यादी दिली. कोणाचंही नाव 'संशयित' म्हणून दिलं नाही. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

चौथा निर्णय : ज्यांचे पैसे गेले त्यांचं काय

संदेश गेल्यावर आणखी एक ग्राहक पुढे आले, म्हणजे पैसे भरलेले एकूण तिघे झाले. परत द्यायचे की नाही यावर मालक दोन दिवस अडून होते. 'मी घेतले नाहीत, मी का देऊ?' शेवटी त्यांनी तिघांनाही भेटून दोन वर्षांची मोफत देखभाल देऊ केली. दोघांनी घेतली. पहिला फोन करणारे गृहस्थ नको म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तुम्ही सहाव्या दिवशी ऐकलंत. ते ग्राहक तुटले.

पुढे पद्धत कशी बदलली

आधी माहिती कुठे कुठे आहे ते शोधलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्यवसायांसाठी ज्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यातली पहिली हीच : आपल्याकडे काय आहे त्याचा आढावा घ्या. त्यानंतर कमी करा, कुलूपबंद ठेवा, नको ते नीट नष्ट करा आणि अडचणीच्या वेळी काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. आम्हाला वाटलं होतं शीट आणि जुनी वही, बस. निघाली अकरा ठिकाणं. सातही तंत्रज्ञांच्या फोनमधल्या गॅलरीत यादीचे फोटो, हिशेबनीसांच्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वीची अख्खी प्रत, संदेश पाठवणाऱ्या सेवेच्या खात्यात सगळे नंबर, शुभेच्छापत्रं छापणाऱ्याकडे जन्मतारखा, आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत रद्दीत जायला बांधून ठेवलेले कामाचे कागद. त्या गठ्ठ्यात वरच्याच कागदावर एका ग्राहकाची सही, पत्ता आणि मोबाइल होता. तो गठ्ठा रद्दीवाल्याकडे न देता फाडून नष्ट केला.

जन्मतारखेवर वाद झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की ग्राहक खूश होतात, असं मालकांचं म्हणणं. निदान नाव काढून तारीख ठेवू, असा मध्यम मार्ग निघाला. पण नाव काढल्याने माणूस झाकला जात नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पोस्टल कोड एवढ्या तीनच गोष्टींवरून एकमेव ठरण्याची शक्यता आहे. पाण्याच्या यंत्राच्या देखभालीला जन्मतारीख लागत नाही. रकाना काढून टाकला. शुभेच्छा बंद झाल्या म्हणून एकाही ग्राहकाने तक्रार केली नाही.

सगळ्यात मोठा बदल यादी वाटण्याच्या पद्धतीत केला. आता प्रत्येक तंत्रज्ञाला फक्त त्याची, फक्त त्या दिवसाची कामं दिसतात आणि काम संपलं की दुसऱ्या दिवशी ती त्याच्या स्क्रीनवरून जातात. ग्राहकाला सकाळी एक चार आकडी संकेत जातो. दारात आलेला माणूस तो स्वतः सांगतो, ग्राहकाने आधी विचारायची गरज नाही. नोकरी सोडणाऱ्यासाठी एक कागद आहे : खातं बंद, ग्रुपमधून बाहेर, फोनमधले फोटो समोर बसून पुसणं, ओळखपत्र परत. हे सगळं शेवटच्या पगाराच्याच दिवशी. करार संपून दोन वर्षं झालेल्या ग्राहकाची नोंद काढून टाकली जाते. फक्त हिशेबासाठी कायद्याने ठेवावी लागणारी बिलं हिशेबनीसांकडे कुलपात राहतात.

तंत्रज्ञांनी कुरकुर केली. शेऱ्याशिवाय काम कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पहिल्या आठवड्यात दोघे बंद दारावरून परत आले. म्हणून शेऱ्याचा रकाना ठेवला, पण त्यात काय लिहायचं ते बांधून दिलं. यंत्राबद्दल काहीही लिहा. माणसाबद्दल लिहायचं तर फक्त आपण काय करायचं ते : 'दार वाजवा', 'आधी फोन करा', 'मोठ्याने बोला', 'सहानंतर वेळ घ्या'. का, ते लिहायचं नाही. चावी आणि कोड कधीच नाही. घरी कोणी नसेल तर त्या दिवशी काम होणार नाही.

निष्पत्ती

संदेशानंतरच्या महिन्यात सोळा ग्राहकांनी करार पुढे चालू ठेवला नाही. मालकांना त्याहून कितीतरी जास्त जातील अशी भीती होती. संदेश वाचल्यावर निदान नऊ जणांनी स्टिकरवरच्या नंबरावर फोन करून सांगितलं की आम्हालाही असा फोन आला होता, पण पैसे भरले नाहीत. ४३ पैकी कोणाच्या घरी चोरी झाल्याचं कानावर आलेलं नाही. माहिती कोणी बाहेर नेली ते अजून कळलेलं नाही आणि बहुधा कळणारही नाही. बाहेर गेलेली प्रत कुठेतरी आहे, हे धरूनच पुढे चालायचं आहे. पत्ते आणि नंबर काही बदलत नाहीत. म्हणून दर काही महिन्यांनी ग्राहकांना स्टिकरची आठवण करून देणारा संदेश जातो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिले सहा दिवस. पहिल्या फोनवर ताईने एकच प्रश्न विचारला असता, 'त्याला तुमच्याबद्दल काय काय माहीत होतं?', तर कदाचित त्याच दिवशी उलगडा झाला असता आणि तिसऱ्या बाईंचे पैसे वाचले असते. आता तो प्रश्न फोनशेजारी चिकटवलेला आहे. ताईला मी दोष देत नाही. असा फोन आल्यावर काय करायचं हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि सात-आठ माणसांच्या ऑफिसात ते सांगणारा कोणी नसतोच.

४३ फोनांच्या बाबतीत मी स्वतः कमी पडलो. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांना रात्री साडेआठला फोन करून 'तुमच्या घराची माहिती बाहेर गेली आहे' असं सांगितलं, तेव्हा त्यांची ती रात्र कशी जाईल याचा मी विचार केला नाही. चार जणांनी त्या रात्री नातेवाइकांना बोलावून घेतलं. अशा घरी मालकांनी किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाने आधी फोन करून स्वतः जायला हवं होतं, आणि हवं असेल तर त्याच वेळी कुलूप बदलून द्यायला हवं होतं. कुलपांचा खर्च व्यवसायाने करावा हे मला आठवडाभराने सुचलं. तोवर ज्यांना बदलायची होती त्यांनी पदरचे पैसे घालून बदलली होती. मालकांनी नंतर ते पैसे दिले.

मोफत देखभालीबद्दलही माझं मत बदललं आहे. पैसे गेलेल्या माणसाला पैसेच द्यायला हवे होते. यंत्राची सेवा हा आपल्या सोयीचा मोबदला झाला, आणि त्यासाठी त्याला पुन्हा आपल्याच माणसाला दार उघडावं लागणार होतं.

सहा महिन्यांनी मी पुन्हा जाऊन पाहणी केली. फोनमधल्या गॅलऱ्या स्वच्छ होत्या, परवानग्या जागच्या जागी होत्या. नव्या तंत्रज्ञाच्या कामाच्या कागदावर मात्र, मागच्या बाजूला, पेन्सिलीने चार आकडे होते. कुठल्या तरी फाटकाचा कोड. तो म्हणाला, लक्षात राहत नाही म्हणून लिहिला. ताईने खोडरबर काढून ते आकडे पुसले, उजेडात धरून पाहिलं, अजून वाचता येत होते. तिने कागद फाडला, कोऱ्या कागदावर बाकीचं सगळं पुन्हा लिहून दिलं आणि त्याच्यासमोरच त्या ग्राहकांना फोन लावून कोड बदलायला सांगितलं.